गाडी कोनी शे?

"जळगाव-धुळे, पारोळामार्गे, फलाट क्रमांक सहावर उभी आहे," असं सांगून लोटनने माइक बंद केला, तरी चौकशीच्या खिडकीसमोरचा माणूस हलला नाही. पांढरा शर्ट, नीट कोरलेली दाढी, हातात मोठ्या गाडीची किल्ली. बसने जाणारा वाटत नव्हता.

"कुठे जायचंय?" लोटनने विचारलं.

"कुठेच नाही. आवाज ऐकत होतो तुमचा." तो हसला. "गाण्यातपण असाच आहे, लोटनभाऊ. चढ नाही, उतार नाही. आप्पांनी मोबाइलवर ऐकलं. लई आवडलं त्यांना."

कोणते आप्पा, हे विचारायची गरज नव्हती. गिरणेतून वाळू घेऊन निघणारे बहुतेक डंपर रुपचंद आप्पांचे होते, आणि गाणं डंपरवरच होतं.

"रविवारी वाढदिवस आहे आप्पांचा. धुळ्याला, लॉन्सवर. तुम्ही तिघांनी यायचं. तेच गाणं म्हणायचं." तो किल्लीने खिडकीच्या कडाप्प्यावर हळूहळू ठोकत होता. "आई गावीच राहतात ना तुमच्या? रस्त्याला लागून घर आहे. धूळ फार येत असेल."

तो गेला. लोटनने पुढच्या गाडीची घोषणा केली तेव्हा फलाटाचा आकडा चुकला. वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीत असं त्याचं सहसा होत नसे.

त्यांचा बँड सुरू झाला तो एसटीच्या संपात. लोटन रिकामा होता. त्याचा शाळेतला मित्र नासीर लग्नाच्या बँडमध्ये ढोल-ताशा वाजवायचा, वडिलांचाच धंदा होता तो. आणि जिनेशकडे गिटार होती, शिवाय वडिलांच्या डाळमिलचं एक बंद गोदाम. जिनेशने त्यांना इंग्लंडमधली चाळीस वर्षांपूर्वीची गाणी ऐकवली. "ह्याला पोस्ट-पंक म्हणतात," तो म्हणाला. "कारखाने बंद पडलेल्या गावांतल्या पोरांनी काढलेला प्रकार. गोडवा नाही. बास पुढे, बाकी सगळं लांब."

"म्हणजे गायक आला नाही की आम्ही वाजवतो तसं," नासीर म्हणाला.

पण जमलं. नासीरने झांजा काढून टाकल्या आणि जाड ढोलांवरच ताल धरला, वरातीसारखा, फक्त वरात कुठे पोचणारच नाही असा. जिनेशची गिटार पत्र्यावर तार घासावी तशी वाजायची. बास गिटारच्या दोन सुरांवर लोटनचं बोट फिरायचं, आणि तो गायचा नाही, सांगायचा. फलाटावर सांगतो तसंच. नाव ठेवलं 'विनाथांबा'. कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये दोन-चार कार्यक्रम झाले, एका ठिकाणी पोरांनी खुर्च्या आपटल्या. एवढीच कीर्ती.

मग लोटनचा मोठा भाऊ भाईदास गेला. शेतातून मोटरसायकलवर परत येत होता. त्याला उडवणाऱ्या डंपरला नंबरप्लेट नव्हती, दिवे बंद होते. गाडी सापडली नाही. लोटन ना स्मशानात रडला, ना तेराव्याला. दोन महिन्यांनी गोदामात त्याने बासचे दोन सूर लांबवर चालू ठेवले आणि अहिराणीत सांगायला लागला:

'पाटी नही, नंबर नही, गाडी कोनी शे?
बठ्ठासले माहीत शे, सांगस कोन?
गाडी कोनी शे?'

गाडी कुणाची, ते सगळ्यांना माहीत, पण सांगतो कोण? नासीर वाजवायचा थांबला होता. मग हळूच ढोल सुरू झाला. पुढे एका कार्यक्रमात कुणीतरी मोबाइलवर गाणं उतरवलं आणि ते खानदेशभर फिरलं.

खिडकीवरचा माणूस येऊन गेल्यावर लोटनने दोघांना गोदामात बोलावलं.

"जायचं नाही," जिनेश म्हणाला. "आजारी आहे म्हणून सांग."

"आणि माय? वहिनी?" लोटन म्हणाला. "त्याला घर माहीत आहे."

नासीर ढोलाची दोरी आवळत होता. "आमच्या अब्बांनी दुश्मनाच्या वरातीतपण वाजवलंय. सुपारी आली की जायचं. पण ते सांगतात, तशा वरातीत नवरदेवाच्या तोंडाकडे बघायचं नाही."

"मी बघणार आहे," लोटन म्हणाला. "त्याच्या तोंडाकडे बघूनच म्हणणार. ऐकू दे त्याला एकदा समोरासमोर."

नासीरने मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची ते कळलं नाही.

धुळ्याच्या लॉन्सवर संध्याकाळी हजारभर माणूस होतं. आप्पा सोफ्यावर बसले होते. बुटके, थकलेले, साध्या सुती सदऱ्यातले. साखर असल्यामुळे केक त्यांनी फक्त कापला. लोटनने इतक्या दिवसांत मनात एक राक्षस रंगवला होता. समोरचा माणूस त्याच्या गणिताच्या मास्तरांसारखा दिसत होता.

नासीरने ताल धरला. लोटनने आप्पांच्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "पाटी नही, नंबर नही, गाडी कोनी शे?"

पुढच्या रांगेतल्या पोरांनी हात वर केले.

"आप्पानी शे!"

लोटनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बोटं चालूच होती. त्याने पुन्हा विचारलं. या वेळी मंडपाच्या टोकापासून आवाज आला, "आप्पानी शे!" पोरं नाचायला लागली. कुणी कुणाला खांद्यावर घेतलं. आप्पा संकोचाने हसले आणि त्यांनी हात जोडले. कडव्यामागून कडवं लोटन विचारत गेला आणि लोक आनंदाने उत्तर देत गेले. जिनेशची तार तुटली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"वन्स मोअर," माइकवर कुणीतरी म्हणालं. त्यांनी ते तीनदा वाजवलं.

शेवटी आप्पांनी लोटनच्या गळ्यात हार घातला आणि कानाशी तोंड नेलं. "आवाज जप, बेटा. अशी माणसं लागतात."

परतीच्या वाटेवर पारोळ्याजवळ नासीरने गाडी थांबवायला सांगितली. तो खाली उतरून ओकला. "मी आता फक्त लग्नंच वाजवणार," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर गोदामाला कुलूप लागलं. जिनेश वडिलांच्या डाळमिलवर बसायला लागला.

पंधरवड्यात कुणा डीजेने त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण घेऊन खाली धडधडता ठेका टाकला. सवाल लोटनचा, जवाब हजार माणसांचा. मोबाइलच्या दुकानांतून ते वाजायला लागलं, मग मिरवणुकांतून.

लोटन साप्ताहिक सुट्टीला गावी गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याची आई झुंबरबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. थोरली सून आत होती.

"वना का रे?" त्याला आलेला बघून त्या म्हणाल्या. "आज खराच वना."

"म्हंजे?"

"रोज तुना आवाज येस रस्तावरतीन. पहिले वाटनं तूच वना. दोनदाव भाकर टाकी ठेवी." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "मंग समजनं."

लोटन त्यांच्याशेजारी बसला. नदीकडून डंपर येत होता. आधी जमीन हलली, मग आवाज आला. त्याचाच आवाज. सपाट, स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा. गाडी कोनी शे? आणि मागून ती आरोळी. केबिनमधल्या पोराने ओट्याकडे बघून हात केला. पुढची पाटी कोरी होती.

लोटन तोंड मिटून बसला होता आणि त्याचा आवाज रस्त्याने लांब जात होता. झुंबरबाई आधी डंपरकडे बघत राहिल्या, मग मुलाच्या ओठांकडे.

"त्यामा भाईदासनं नाव शे का रे?"

"नही, माय."

"मंग बरं शे."

त्यांनी सूप उचललं. तुरीवर धूळ बसली होती, ती फुंकर घालून उडवली. नदीकडून आणखी एक डंपर येत असल्याचं पायाखाली जाणवलं. त्या गावात दिवेलागणीआधी कुणी दार लावत नाही; मयताच्या घरीसुद्धा नाही.

"आत ये," त्या म्हणाल्या. तो आत आल्यावर त्यांनी दार लोटलं आणि कडी घातली.