बंटीला वाटीने पाजताना

आमच्या कॉलनीत आणि गंगापूर रोडच्या बिल्डिंगांमध्ये मिळून मी दीडशेच्या वर बाळं न्हाऊ घातली आहेत. पाय लांब करून बसायचं, बाळाला पायांवर निजवायचं, तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी. न्हाणं झालं की तिथेच, ते रडत असतानाच, बोंडल्याने दूध. बोंडलं म्हणजे चोच असलेली एवढीशी वाटी. रडताना तोंड उघडंच असतं, त्यात बारीक धार सोडायची, की दूध गटकन खाली. माझी तिन्ही पोरं अशीच वाढली. त्यामुळे कालपरवाची डॉक्टरीण मला दूध कसं पाजायचं ते शिकवायला लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

बंटी माझा नातू, तेव्हा साडेसहा महिन्यांचा. त्याची आई अंजली, म्हणजे माझी सून, कळवणला सरकारी कचेरीत क्लार्क आहे. तिची बाळंतपणाची रजा संपली होती. सकाळी सातच्या एसटीने जायचं आणि संध्याकाळी सातला घरात पाऊल टाकायचं. मुलगा सुनील पुण्यात कंपनीत, पंधरा दिवसांनी येणार. आमचे हे, सावळीराम, एका सोसायटीत दिवसपाळीचे वॉचमन. म्हणजे दिवसभर घरात मी आणि बंटी. आणि बंटी बाटली तोंडात घेत नव्हता. रबर दिसलं की मान फिरवायचा.

"बाटली नकोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाटीनेच पाजा. मांडीवर सरळ बसवा, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवा, दूध ओठापर्यंत येऊ द्या आणि थांबा. तो जीभ काढेल, चाटेल, मग घोट घेईल. तुम्ही ओतायचं नाही. झोपवून तर मुळीच नाही."

अंजलीने मान डोलावली. मीही डोलावली. मान डोलवायला काय लागतं!

सोमवारी ती कामावर रुजू झाली आणि माझी परीक्षा सुरू झाली. बंटी वाटीकडे बघून हसायचा. तिच्यात फुर्र करायचा, बोटं घालायचा, कड चावायचा. अर्धं दूध लाळेऱ्यावर, उरलेलं माझ्या लुगड्यावर. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. तीन दिवसांत पोराचं तोंड उतरलं असं मला वाटायला लागलं. मी ह्यांच्याजवळ कुरकुर केली.

"पी हळद अन् हो गोरी, असं नसतं लता," हे बूट काढता काढता म्हणाले. "शिकंल हळूहळू."

"तुमचं काय जातंय बोलायला? दिवसभर उपाशी तो र्‍हातो आन् जीव माझा तुटतो."

खरं सांगायचं तर उपाशी तो राहत नव्हता. संध्याकाळी आणि रात्री आईला पिऊन भरपाई करत होता. पण ते सांडलेलं दूध मला बघवत नव्हतं. अंजली पहाटे पाचला उठून ते पंपाने काढायची. भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलेली असायची, एका हाताने पंप दाबत. एवढ्या कष्टाचं दूध फडक्याने पुसायचं म्हणजे मला पाप वाटायचं.

गुरुवारी दुपारी पाऊण तास झाला, दोन घोट गेले नव्हते. बंटी भुकेने रडायला लागला. मला त्याचा राग आला. हो, साडेसहा महिन्यांच्या लेकराचा राग आला, खोटं कशाला बोलू? मी फळीवरचं बोंडलं काढलं, पाय लांब केले, त्याला निजवलं, कपाळ एका हाताने धरलं. दीडशे बाळं प्यायली होती, हा कोण मोठा लागून गेला?

पहिली धार गेली. दुसरी गेली. तिसरीच्या वेळी त्याने श्वास आत ओढला होता.

ठसका लागला, आणि मग आवाजच बंद झाला. तोंड उघडं, डोळे वटारलेले, ओठ निळे पडायला लागले. मी त्याला पालथा हातावर घेतला आणि पाठीत थोपटलं, एकदा, दोनदा, पाचदा. नाकातून दूध आलं आणि तो रडला. इतकी पोरं मी रडवली, पण कुणाचं रडणं मला एवढं गोड लागलं नव्हतं.

अर्ध्या तासात तो झोपी गेला. मी बोंडलं धुतलं, पुसलं आणि फळीवर ठेवून दिलं.

संध्याकाळी अंजलीने हातपाय धुवून त्याला घेतलं आणि विचारलं, "आज किती प्यायला?"

"समदं," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा फुलला! "आई, तुम्ही आहात म्हणून मी जाऊ शकते," ती म्हणाली. मी भाजी बघायच्या निमित्ताने उठून आत गेले.

शुक्रवारी बंटी खोकायला लागला. संध्याकाळी अंग तापलं. अंजलीने त्याच्या कपाळाला हात लावला आणि ती म्हणाली, "मीच आणलं हे. वणीपासून माझ्या शेजारची बाई सारखी खोकत होती. मी उठून उभं राहायला पाहिजे होतं." मग ती स्वतःलाच बोल लावत बसली. घरात आल्याआल्या आंघोळ करायला हवी होती, कपडे बदलायला हवे होते, असली नोकरी करायलाच नको होती. बंटीला पाजताना तिने तोंडाला रुमाल बांधला. मी समोर बसून ते बघत होते. एक वाक्य बोलले असते तर तो रुमाल सुटला असता. मी बोलले नाही. मला माझ्या नावाची पडली होती.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली.

"दूध पाजताना कधी जोराचा ठसका लागला होता का? झोपवून पाजलं होतं?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, बाई माझ्याकडेच बघतायत. त्या बघत होत्या अंजलीकडे.

"छे, अजिबात नाही," अंजली ठसक्यात म्हणाली. "आमच्या आई पाजतात. तुम्ही सांगितलं तसंच, बसवून, वाटीने. त्यांच्या हातात बाळ म्हणजे मला बघावंच लागत नाही. मीच सर्दी आणली बसमधून."

"ठीक आहे. मग सर्दीचंच असेल. औषध देते, दोन दिवस बघू." त्यांनी पेन उचललं.

बंटीच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडत होता. ते पेन कागदावर टेकलं आणि मला ते सहन झालं नाही.

"नाय वो बाई," मी म्हटलं. "ती खोटं नाय बोलत, तिला ठाऊक नाय. मी निजवून पाजलं त्याला. बोंडल्यानं. गुरुवारी. निळा पडला व्हता."

डॉक्टरीणबाई मला ओरडल्या नाहीत. त्यांनी लिहिलेलं खोडलं, एक्स-रे काढायला पाठवलं आणि त्याच दिवशी ॲडमिट करून घेतलं. दूध उजव्या फुफ्फुसात उतरलं होतं. दोन दिवस अजून घालवले असते तर काय झालं असतं, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

अंजली माझ्याशी बोलली ती तिसऱ्या दिवशी, बंटीचा ऑक्सिजन काढल्यावर. तीही बंटीकडे बघतच.

"दूध सांडलं असतं तर मी आणखी काढलं असतं. तुम्ही मला फोन का नाही केलात?"

भांडली असती तर मला भांडता आलं असतं.

सहा दिवसांनी आम्ही घरी आलो. अंजलीला ऑफिसने आणखी आठ दिवसांची रजा दिली, तीही बिनपगारी. त्यानंतर हजर व्हायचं नाहीतर राजीनामा द्यायचा, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. स्पर्धा परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी. तिच्या माहेरच्या गावात तिच्या आधी एकही बाई सरकारी नोकरीत नव्हती. आणि त्या आठ दिवसांत बंटी वाटीने प्यायला शिकला. आईच्या हातून छान चाटून, घोट घेऊन पिऊ लागला. ह्यांचा हात थरथरतो, तरी त्यांच्याही हातून प्यायला. फक्त माझ्या हातून नाही.

एरवी मला बघून झेप घ्यायचा. माझ्या खांद्यावर झोपायचा, माझे केस ओढायचा. पण माझ्या हातात वाटी आली की तोंड गच्च मिटायचा आणि मागे वाकायचा. एवढंसं पोर, त्याच्या अंगात तेवढा जोर कुठून यायचा कोण जाणे. मी पदराने डोळे पुसायची आणि पुन्हा वाटी पुढे करायची. करायला गेले एक आणि झालं एक, दुसरं काय?

आठव्या दिवशी अंजली बराच वेळ बघत उभी होती. मग म्हणाली, "आई, तुमचा डावा हात बघा."

मी बघितलं. डाव्या हाताच्या पंजात बंटीचं डोकं मागून घट्ट धरलेलं होतं, अंगठा एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे. मी कधी धरलं मला कळलंही नव्हतं. न्हाऊ घालताना असंच धरावं लागतं, नाहीतर तेलकट बाळ निसटतं. ह्या पकडीचं बायका कौतुक करायच्या.

"सोडा त्याला," अंजली म्हणाली.

मी डोकं सोडलं, त्याला समोर उशीला टेकवून बसवलं आणि डावा हात मांडीखाली दाबून बसले, जवळ यायलाच नको म्हणून. वाटी उजव्या हातात, त्याच्या समोर, ओठापासून लांब. तो माझ्याकडे बघत राहिला. वाटीकडे नाही, माझ्या तोंडाकडे. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या. मग त्यानेच दोन्ही हातांनी वाटी ओढली, निम्मी माझ्या मांडीवर सांडली आणि उरलेल्यातला एक घोट घेतला. थांबला. आणखी एक घेतला.

मला हुंदका आला. अंजलीचेही डोळे भरले होते, पण ती जवळ आली नाही. भिंतीशीच उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "उद्या मी जाते कामावर. पण आई, राग मानू नका. मी मोहिनीला सांगितलंय. दुपारी त्याला पाजायच्या वेळेला ती इथे येऊन बसेल."

मोहिनी म्हणजे आमच्या समोरच्या घरातली, ब्लाउज शिवते. तिची दोन्ही बाळं मीच न्हाऊ घातली आहेत. महिन्यापूर्वी कुणी असं बोललं असतं, तर मी त्या घरात पाणी प्यायले नसते.

बंटी वाटीची कड चावत होता. मी त्याच्या हनुवटीवरचं दूध पुसलं.

"येऊ दे," मी म्हटलं. "आन् तिला नीट सांगून ठेव. त्याच्याकडं नाय, माझ्या हाताकडं बघत बस म्हणावं."