नखभर सोनं आणि नानांचा रुमाल

मी नखाएवढा सोन्याचा पत्रा बोलतोय. जळगावचा! हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मिरवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही उरणार नाही.

सराफ बाजारात रुपचंद नानांनी मला गाळलं, रोलरमधून काढलं. सोबतच्यांच्या पाटल्या झाल्या, पोत झाली. मला वाटलं, आपणही कुणाच्या गळ्यात पडू. पडलो ते नानांच्या पुतणीच्या, दिपमालाच्या. तिने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, म्हणून घरी तिचा विषय निघाला की नाना सोन्याच्या भावावर येतात.

धुळ्याच्या एका प्रयोगशाळेत ती मदतनीस आहे. तिथल्या ज्ञानेश्वर सरांनी पहिल्यांदाच एक काम पूर्ण तिच्यावर सोपवलं होतं. उल्कापाषाणातून वेगळे केलेले दोन कण मऊ सोन्यावर दाबून बसवायचे आणि तपासायचे. परदेशातून येणारा पत्रा अडकला, तेव्हा सर म्हणाले, "तू जळगावची ना? मग सोन्यासाठी कसली वाट बघतेस?"

कण कसले, केसाच्या जाडीत पन्नास मावतील. पण सूर्य जन्मायच्या आधीचे असावेत, असा अंदाज. एक लेसर कणाची वाफ करतो. दुसरे लेसर त्या वाफेतले फक्त स्ट्रॉन्शियम या धातूचे अणू वेचतात, आणि यंत्र त्यांतले हलके किती, जड किती ते मोजतं. प्रमाण पृथ्वीसारखं निघालं तर कण आपल्याच घरचा, वेगळं निघालं तर परक्या ताऱ्याचा. आणि कण एकदाच जळतो.

सोन्याला त्यात कोणी विचारत नाही. ज्याचा भाव रोज पेपरात छापून येतो, तो मी तिथे नुसती सतरंजी.

दिपमाला मला धुवायला निघाली. "चोवीस कॅरटला काय धुतेस?" सर म्हणाले. मीही फुगलो.

न धुताच तिने दोन्ही कण माझ्यावर दाबून बसवले आणि पहिला लेसरने उडवला. आकडे हुबेहूब पृथ्वीचे.

"तूच काहीतरी घाण केलीस," सर म्हणाले. "दुसराही असाच निघाला तर उद्यापासून येऊ नको."

तिने नानांना फोन लावला. "नाना, पत्र्याला काही लावलं होतं?"

"मग? कुंकू लावलं! लक्ष्मी शे ती. माझ्या दुकानातून कोरडं सोनं जात नाही."

"नाना, कुंकवात चुना असतो. चुन्यात स्ट्रॉन्शियम असतं."

"पुसलं होतं ना मी रुमालाने!"

"तंबाखू मळून हात पुसता, त्याच?"

"बठ्ठं, सगळं तुलाच कसं कळतं, बेटा?"

चोवीस कॅरट म्हणे! अंगभर चुना फासून मी छाती काढून बसलो होतो.

आता धुवावं तर उरलेला कणही वाहून जायचा. दिपमालाने मंद लेसरने त्या कणाभोवतीचं माझं कातडं हळूहळू सोललं. दुपार गेली. ती जेवली नाही, आणि मी पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं. मग तिने कण उडवला.

आकडे पृथ्वीचे नव्हते.

"आपण केलं!" सर धावत आले. तिने वही पुढे सरकवली. खाली लिहिलं होतं: 'पहिला कण वाया. कारण: कुंकू, तंबाखूचा चुना, न धुण्याचा सरांचा हुकूम आणि तो ऐकणारी मी.'

"हुकूम शब्द काढ," सर म्हणाले.

"मग तुम्ही बोललात तेच जसंच्या तसं लिहिते."

सरांनी गपचूप सही केली. ती दुसऱ्या दिवशीही कामावर आली.

मी आता खणातल्या डबीत असतो. नानांचा फोन येतो, "पत्रा आण परत. मोड करू, गाळून दुसरं काही घडवू."

"लेसरचे दोन खड्डे आहेत त्यात, नाना."

"मग वजनात घट धरावी लागेल."

धरा, नाना, पण गाळू नका. सूर्याहून जुने दोन पाहुणे माझ्याकडे उतरले, आणि त्यातल्या एकाला मी तुमचा चुना लावून वाया घालवलं. एक खड्डा माझ्या तोऱ्याचा, दुसरा त्या पोरीच्या हाताचा. गाळलं तर दोन्ही बुजतील.