गुलाबी चिठ्ठी

फाइल बंद करायचा कागद कारकुनाने माझ्यापुढे सरकवला आणि वर म्हणतो, "मॅडम, पोरगी दोनदा गैरहजर. नियम आहे."

नियम! अहो, सोळा वर्षांची पोर ती. समुपदेशनाच्या दोन भेटी माझ्यासमोर नुसती खिडकीबाहेर बघत बसली आणि तिसऱ्या भेटीत, उठता उठता म्हणाली, "सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली." मी त्याच दिवशी तिच्या आईला बोलावून घेतलं, औषधं कुलपात ठेवायला सांगितली. आणि आता फाइल बंद करून तिला पुन्हा चार महिन्यांच्या रांगेत उभं करायचं? तेवढ्यात तिचं काही बरंवाईट झालं तर नियम येणार आहे का तिच्या आईला तोंड दाखवायला?

कागदावर 'रुग्णाला रस नाही' या रकान्यात कारकुनाने आधीच बरोबरची खूण करून टाकली होती. मी आईला फोन लावला. "ती तर जाते म्हणते हो तुमच्याकडे," आई म्हणाली आणि रडायलाच लागली.

भेटीच्या दिवशी केंद्राची चिठ्ठी शाळेत जाते आणि वर्गशिक्षिका तिला वर्गातून सोडतात. मी पर्स उचलली आणि तडक शाळेत गेले. वर्गशिक्षिका वह्या तपासत बसल्या होत्या.

"मी पाठवते की! चिठ्ठी आली की मोठ्याने नाव घेते. तीच जागची हलत नाही, त्याला मी काय करू?"

"सगळ्या वर्गासमोर?"

"मग काय कानात सांगू?"

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. चाळीस पोरांसमोर नाव पुकारता, लाज कशी वाटत नाही, असं काय काय मी त्यांना सुनावलं. शेजारचे खेळाचे शिक्षक चहा अर्धा टाकून निघून गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग खण उघडून दोन चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या.

भडक गुलाबी कागद. वर बोटभर जाड अक्षरांत 'मानसिक उपचार केंद्र'. खाली 'वर्गात त्वरित कळवावे'.

"चिठ्ठी तुमचीच आहे, मॅडम," बाई म्हणाल्या. "मी वाचली नाही तरी पहिल्या बाकावरून दिसते. पोरं तिला 'गुलाबी' म्हणतात. मलाही परवाच कळलं."

रंग मी निवडला होता. शिक्षकांच्या कागदांत हरवू नये म्हणून. छापणाऱ्याशी भांडून आणखी गडद करून घेतला होता. आणि खालची ओळही माझीच.

पोर शाळेतल्या पाण्याच्या नळापाशी सापडली. मला बघताच मागे सरली. "आईला सांगू नका ना."

"तुझ्यावर नाही चिडले गं मी."

"मग?"

"माझ्यावर. ती चिठ्ठी मीच छापून घेतली होती."

पहिल्यांदाच तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "आता नाही ना येणार?"

"नाही. कध्धीच नाही."

"मग मंगळवारी येते. शाळा सुटल्यावर."

केंद्रात परत येऊन मी ती खूण खोडली आणि कारण लिहिलं: आमची चिठ्ठी.

"मॅडम, असा रकानाच नाहीये," कारकून म्हणाला.

"आता आहे. आणि कपाटाची किल्ली द्या."

शाळांमधून आलेल्या, 'रस नाही' म्हणून यंदा बंद केलेल्या फाइली मी बाहेर काढल्या. एकोणीस निघाल्या. प्रत्येकीवर सही माझी होती. पहिल्या फाइलीतला नंबर बघून मी फोन जवळ ओढला.