न फोडलेली शिशी

भगोण्यात काचेच्या सिरिंजा एकमेकींवर खणखणल्या, आणि दवाखान्यामागच्या खोलीत निजलेली नर्स पंचशीलाची लेक जागी झाली.

"आई, चहा?"

"चहा न्हाई माय, सुया उकळून राहिले. नीज."

पाणी टँकरचं. हेच गार झालं की पंचशीला त्यात भांडी घासायची. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि जिल्हा जुन्यातून फुटून नुकताच नवा झाला होता. अहमदपूरजवळच्या या दवाखान्यात औषधं मागितली की जुना जिल्हा नव्याकडे बोट दाखवायचा, नवा म्हणायचा, याद्या यायच्यात.

सकाळी दहाच्या सुमाराला दुष्काळी कामावरच्या मुकादम गुंडप्पानं मजूर सरजाबाईला बैलगाडीतून आणलं. खडी फोडताना पायात कपची घुसली होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला, अंगात ताप. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं.

"सर, अॅड्रिनलिन संपलंय," पंचशीला म्हणाली. "रिअॅक्शन आली तर जीव वाचवायला तेच लागतं. ते ट्रेमध्ये आल्याबिगर मी टेस्टबी करणार न्हाई."

"अगं, टेस्ट म्हणजे कातडीत थेंबभर औषध. तेवढ्यानं काय होतं?"

"माझी बहीण तेवढ्यानंच गेली, सर. सुई ठेवायच्या आत तिचे व्हट निळे पडले."

सरजाबाई कण्हली, "दे की गं बाई टोचून. लई ठणकतंय."

"दोन घंटे कळ काढा, सरजाक्का. मी बसते तुमच्यापाशी."

"लई शानी नर्स धाडलीया सरकारनं," गुंडप्पा दारातून म्हणाला.

"शानी हाय म्हणून तुमची माणसं आपल्या पायानं घरी जातात, मुकादम."

तिनं रजिस्टर ओढलं. 'अॅड्रिनलिन नाही, म्हणून टेस्ट केली नाही,' असं लिहून सही केली आणि रजिस्टर डॉक्टरांपुढे फिरवलं.

"खाली लिवा, सर, तरीबी कर म्हणून. मग करते."

डॉक्टरांनी पेन उघडलं. मिटलं. मग भिंतीवरची मोटारसायकलची चावी काढली.

ते अहमदपूरच्या मेडिकलमधून परतेपर्यंत बारा वाजून गेले. पंचशीलानं अॅड्रिनलिनची काचेची शिशी ट्रेमध्ये ठेवली, शेजारी ते भरायला सिरिंज. मग सरजाबाईच्या हातात थेंब टोचला आणि त्याभोवती बॉलपेननं गोल काढला.

"गोंदल्यावानी दिसतंय," सरजाबाई म्हणाली.

"त्याला हात लावू नका. खाज सुटली, जीव घाबरला, तर सांगा."

अर्धा तास पंचशीलानं तिचं दुसरं मनगट सोडलं नाही. एक डोळा गोलावर, एक घड्याळावर. गोल तसाच राहिला. ना लाली, ना फुगवटा. मग इंजेक्शन दिलं आणि आणखी अर्धा तास तिला बाकावरून उठू दिलं नाही.

"बघा! झालं का काही?" गुंडप्पा हसला. "उगं दिवस घातला."

"न्हाई झालं. पण झालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं, मुकादम?"

गुंडप्पानं गाडी जुंपली.

शिशी न फोडता तशीच उरली. पंचशीलानं ती कापसात गुंडाळून कपाटात ठेवली. मागं वळली तर लेक बाकावर बसलेली. बॉलपेन घेऊन तिनं स्वतःच्या इवल्याशा हातावर वेडावाकडा गोल काढला होता आणि त्याला हात न लावता ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"आई," तिनं मान वर न करता विचारलं, "मावशीच्या येळेला ती शिशी कुठं होती?"