मो छूची ओटी

आमच्या ह्यांना नदी दिसली की भराव सुचतो. रहाटणीत पवनेच्या काठाला राडारोडा टाकून टाकून ह्यांनी प्लॉट पाडले. नदी चवळीच्या शेंगेएवढी झाली आणि हे रविराजशेठ झाले.

भूतानातही तेच. पुनाखाच्या खोऱ्यात दोन नद्या गळ्यात गळा घालतात, मो छू आई आणि फो छू बाप. दोन्हींच्या बेचक्यात पांढऱ्या भिंतींचा जुना किल्ला, दाराशी जांभळ्या फुलांची झाडं. शेठ कमरेवर हात ठेवून म्हणाले, "पिंटू, रिव्हर टच प्रॉपर्टी रं! नुसती सोडून दिलीय येड्यांनी."

पिंटू म्हणजे ह्यांचा मोबाईल धरणारा भाऊबंद. "व्हय ना दादा. टॉवर बसला आसता हितं."

सकाळी राफ्टिंग झालं ते रीलसाठीच. पहिल्याच लाटेला शेठ "आये गंऽऽ" म्हणून ओरडले. तेवढं पिंटूनं कापलं.

सासूबाई, सावित्रीबाई, डोंगर बघायला आल्याच नव्हत्या. दर साली त्या पवनेची ओटी भरायच्या. पाण्यावर फेस आला तशी ती बंद पडली. भूतानात आईनदी आहे आणि तळाचे गोटे दिसतात, हे माझ्याकडून ऐकलं आणि पिशवीत हिरवा खण, नारळ, गहू घालून त्या विमानात बसल्या. खिडकीशी पुटपुटत होत्या:

पवना माझी बाई, अंगी फेसाची गं चोळी
तुझ्या वाट्याचा गं खण, नेते परक्याच्या आळी

जेवणानंतर आम्ही फो छूवरच्या झुलत्या पुलावर गेलो. दोन्ही अंगांना रंगीत पताका फडफडत होत्या. आमची गाईड पेमा म्हणाली, "इसपे प्रार्थना छपी है. हवा पढ़ती है, सबके लिए."

"मग आपलंबी वाचू दे की वाऱ्याला," म्हणत ह्यांनी बॅगेतून फ्लेक्स उलगडला. गळ्यात साखळी, हात जोडलेले, भावी नगरसेवक रविराजशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आमच्याकडं असा एक खांब मोकळा नसतो. ह्यांना वाटलं, हिमालय का राहावा?

सुतळी मात्र हॉटेलात राहिली होती. शेठनी इकडंतिकडं पाहिलं, आईच्या पिशवीत हात घातला, खण काढला आणि काठ दातात धरून टर्रकन फाडला.

"आरं, ओटीचा हाय त्यो!"

"आये, घरी गेल्यावर धा घेतो तुला. एक रील, झालं."

चिंध्यांनी फ्लेक्स पुलाला बांधला गेला. पेमा नरमाईनं म्हणाली, "सर, यहाँ ये नहीं लगाते."

"मॅडम, हमारे पिंपरी-चिंचवड में आके देखो. सब जगह हमीच लगाते है."

पूल हलत होता, तरी सासूबाई दोर धरून पुढं गेल्या आणि एकेक गाठ सोडवायला लागल्या.

"आये, रील चालू हाय!"

"चालू दे. मी न्हाई हुबी निवडनुकीला."

फ्लेक्स काखेत मारून त्या परत फिरल्या, किल्ल्याला वळसा घालून थेट मो छूच्या काठावर. आम्ही मागोमाग. तिथं त्यांनी मूठ उघडून चिंध्या पाहिल्या. "साधने, फाटक्यानं ओटी भरत न्हाईत गं. एवढ्या लांबनं आले मी."

मी पर्स उघडली. पारोच्या बाजारात ह्यांनी पक्षाच्या साहेबांच्या मिसेससाठी हातमागाची रेशमी शाल घेतली होती, कुंकवासारखी लाल. ती मी त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"अगं ए! साहेबांच्या मिसेसची हाय ती! सगळं तिकीट तिच्यावर हाय माझं!"

"आता पोचली," मी म्हटलं. "ज्या बाईला द्यायला हवी होती, तिलाच."

काठचे गोटे ओले होते. सासूबाईंनी फ्लेक्स झटकून तिथं अंथरला, फोटो वर ठेवून. मग लुगडं सावरून त्या बरोब्बर तोंडावर बसल्या. नारळ, गहू, शाल पाण्याला दिली. पाणी काचेसारखं होतं. शाल जरा फुगली, एकदा वळली आणि दोन्ही नद्या जिथं मिळतात तिकडं गेली.

पिंटूच्या हातात मोबाईल अजून चालूच होता. "बंद कर की!" शेठ खेकसले.

सासूबाईंनी खालच्या फ्लेक्सवर थाप मारली.

"बेस हाय रं," म्हणाल्या. "खालनं ओल येत न्हाई."