न मोडलेला बैल

मी मातीचा एक गोळा बोलतोय. तुम्ही मला पाहाल तर म्हणाल, हा तर बैल आहे, रंगवलेला, शिंगांना चमकी लावलेला. तसं दिसतं खरं. पण मी गोळाच होतो, आणि गोळा होतो तेव्हाच माझे दिवस बरे चालले होते.

जळगावात मेहरूण तलावाच्या काठावरून भागाबाईंनी मला घमेल्यात भरून आणलं. भागाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या, मूळच्या नरडाण्याकडच्या. त्यांनी मला वाळवलं, कुटलं, चाळणीतून चाळलं आणि एक एक खडा वेचून काढला. मग पाणी घालून तिंबताना पिंजलेला कापूस माझ्यात मिसळला. असा कापूस घातला की माती लवकर तडकत नाही.

"आते तू मऊ व्हयना," त्या मला म्हणाल्या. मातीशी बोलणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती.

रोज सकाळी माझ्यावरचं ओलं गोणपाट निघायचं आणि माझे तुकडे मुलांसमोर पडायचे. अकरा वाजेपर्यंत मी साप व्हायचो, लाडू व्हायचो, केळीचा घड व्हायचो. लखन नावाचा मुलगा नेहमी मोबाइलच करायचा. तो मला कानाला लावून ओरडायचा, "हॅलो! आज केळीचा काय भाव? नाही, नाही, परवडत नाही!" त्याचे वडील मोबाइलवर असंच बोलत असणार. त्याच्या कानात माती जायची आणि भागाबाई पदराच्या टोकाने ती काढायच्या.

खिचडीची वेळ झाली की सगळं मोडून पुन्हा एक गोळा. मोडताना मुलं करतानापेक्षा जास्त हसायची. मलाही त्यात काही दुःख नव्हतं. आज मोडलो म्हणून तर उद्या दुसरं काही होता यायचं.

मेघा मात्र हसत नसे. ती चार वर्षांची होती. तिच्या उजव्या हाताची बोटं जन्मापासून आत वळलेली होती, मूठ सहसा उघडत नसे. तो हात ती फ्रॉकच्या घोळात लपवून बसायची आणि डाव्या हाताने मला उगाच टोचत राहायची. दवाखान्यात सांगितलं होतं की हाताला रोज काम द्या, बोटं मोकळी होतील. तिचे वडील, नवलभाऊ, रिक्षा चालवायचे. सकाळी तिला सोडताना सेविका सुनंदाबाईंना रोज तेच विचारायचे, "बाई, लिहायला कधी घेणार हो? पुढच्या जूनमध्ये मोठ्या शाळेत घालायचंय. तिथं पेन्सिल धरून दाखवावी लागते."

भागाबाईंनी तिला कधी "उजवा हात काढ" असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त तिच्या डाव्या हातात मूठभर मुरमुरे दिले.

"सांडू नको बरं, माय. आनि मना गोळा दाब जरा." त्यांचा गोळा म्हणजे मीच.

डावा हात मुरमुऱ्यांत अडकला. मेघाने इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली आणि फ्रॉकमधून ती मूठ बाहेर काढून माझ्यावर टेकवली. चार बोटांच्या सांध्यांचे चार खळगे माझ्यात उमटले, अगदी उथळ.

"हाई देख, कशी खोल विहीर खणी पोरनी!" भागाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून रोज मुरमुरे आणि रोज खळगे. मी त्या मुठीचा जोर ओळखू लागलो. खळगे थोडे खोल झाले. पावसाळा सुरू होईपर्यंत अंगठा मुठीतून सुटला आणि माझ्यात रुतला. तिची बोटं किती थंड असायची आणि दाबताना कशी थरथरायची, हे फक्त मला माहीत होतं. भागाबाई पाणी थोडं जास्त घालून मला तिच्यापुरता मऊ ठेवायच्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी बैल केले. घमेलं पार रिकामं झालं. मेघाच्या वाट्याला मी आलो. तिने मला लांबट केलं, चार जाड पाय लावले. मग अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून उजव्या हाताने दोन शिंगं ओढून काढली. चिमटीने! एक शिंग वर गेलं, एक बाजूला. मी थोडा डावीकडे कललेला होतो. पण ती चिमूट मला कळली, आणि त्या दिवशी मेघा हसली. मोडायची वेळ झाली तर सुनंदाबाई म्हणाल्या, "आज मोडू नका, उद्या पोळा आहे. आपापला बैल घरी न्या."

मेघाचे आजोबा, अभिमन आबा, तिला न्यायला आले. आबांचं गाव असोदा. शेत विकून शहरात आल्यापासून त्यांच्या दारात बैल नव्हता. त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि माझ्या शिंगांवरून बोट फिरवलं.

"माह्या नातीनं केला? या हातानं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पाटावर बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं, पाठीवर लाल कापडाची झूल घातली आणि पुरणपोळीचा घास माझ्या तोंडाला लावला. त्यांचे डोळे भरून आले होते. इतका मान माझ्या वाट्याला कधी आला नव्हता. मला भारी वाटलं, हे मी कबूल करतो.

सण झाल्यावर ते मला सगळ्यांना दाखवायला अंगणवाडीत परत घेऊन आले. मेघा लगेच खाली बसली आणि माझ्या पाठीवर मूठ ठेवून दाबू लागली.

"अगं अगं! मोडू नको!" आबांनी मला वर उचललं. "पूजा झाली ना त्याची. पाप लागतं, माय."

"खरंय, आबा," सुनंदाबाई म्हणाल्या. "इथेच फळीवर ठेवू. मुलीची आठवण राहील." त्यांनी मला रंग दिला, चमकी लावली, फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर अंगठे आणि फुलं येत राहिली.

भागाबाई दारात उभ्या होत्या. "पूजा व्हयी गयी, आते मोडानं नही, हाई खरं शे," त्या हळूच म्हणाल्या. "पन पोरले माती तर जोयजे ना, बाई."

"आता कशाला माती? शिंगं काढली तिने. आता पेन्सिल धरेल." सुनंदाबाई मनाने वाईट नाहीत. मुलांची वजनं, फोटो, खिचडी, रोजची माहिती भरणं, सगळं एकटीने करतात. आणि नवलभाऊ तर फोटो पाहून पेढेच घेऊन आले होते.

त्याच महिन्याच्या अखेरीस भागाबाईंचं वय झालं म्हणून त्यांची नोकरी संपली. त्या नरडाण्याला लेकाकडे गेल्या. नवीन मदतनीसबाईंना फरशीवर माती चालत नाही. रिकामं घमेलं आता चपला ठेवायला आहे.

मेघाला पाटी आणि पेन्सिल मिळाली. पहिल्या दिवशी पेन्सिल चार वेळा पडली. पाचव्यांदा तिने ती मुठीत घट्ट धरली आणि पाटीवर एक रेघ ओढली. पेन्सिल मोडली.

"बैल करता येतो आणि एक उभी रेघ येत नाही?" नवलभाऊ म्हणाले. "नाटकं करते. घरी मी बसवतो हिला." दुसऱ्या दिवशी तिचे डोळे सुजलेले होते.

त्यानंतर तिने उजवा हात पुन्हा फ्रॉकमध्ये घातला. पेन्सिल डाव्या हाताने धरली की तिला ओरडा बसतो, म्हणून ती धरतच नाही. लखन विचारतो, "टीचर, माती कधी?" "माती पोळ्याला," असं उत्तर मिळतं. मुलं रांगेत बसून अननस, आंबा म्हणतात. खोली आता स्वच्छ असते.

मी फळीवर सुकत आहे. भागाबाईंचा कापूस आत आहे म्हणून मी फुटत नाही, नुसता कडक होतोय. कुणी पाणी घातलं, दोन दगडांत कुटलं, तर मी अजून मऊ होईन. मला पाप लागणार नाही, तुम्हालाही नाही. पण हे मी कुणाला सांगू? बैलाचं तोंड दिलंय मला, तेही रंगाने बंद केलेलं.

एकदा मेघा स्टूल ओढून माझ्यापर्यंत पोहोचली होती. तिची बोटं माझ्या पाठीला लागली. तिने दाबून पाहिलं. मी दगडासारखा झालो होतो, एकही खळगा पडला नाही. तिने हात मागे घेतला आणि स्टूल होतं तिथे नेऊन ठेवलं.

आता रोज प्रार्थना झाली की सुनंदाबाई माझ्याकडे बोट दाखवतात, "बैलदेवाला नमस्कार करा." पंचवीस मुलं हात जोडतात. शेवटच्या रांगेत मेघाही जोडते. तिची उजवी मूठ मिटलेली असते, आणि तिच्यावर ती डावा तळवा नीट टेकवते.