सत्तेचाळिसावे पान

व्हिएन्ना मागे पडले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. सरहद्द तासाभरावर होती, आणि प्राध्यापक ओताकार विखर यांच्या कोटाच्या आतल्या खिशात ती वही होती.

बारा दिवसांत त्यांनी तीन शहरे पाहिली. ग्राझ, त्रिएस्ते, व्हिएन्ना. तिन्ही ठिकाणी विधिशाखेची इमारत सारखीच, जाड भिंतींची, थंड जिन्याची. रोमन कायद्याची तीच कलमे, तेच वाद. एकाच ग्रंथातून निघालेला कायदा इथे माणसाला निर्धास्त झोपू देतो आणि त्यांच्या स्वतःच्या शहरात, ब्रनोत, जिन्यावरच्या पावलांनी दचकवतो, हे कसे, याचे उत्तर त्यांच्या कोणत्याही व्याख्यानात नव्हते.

त्रिएस्तेत व्याख्यान संपल्यावर दालिबोर समोर येऊन उभा राहिला होता. अडुसष्ट साली परकी रणगाडे देशात शिरले आणि हा त्यांचा लाडका विद्यार्थी देश सोडून पळाला. सहा वर्षांनी भेटत होता. दोघांनी उभ्याउभ्या कॉफी घेतली, जेमतेम दहा मिनिटे. परत गेल्यावर द्यायच्या प्रवास-अहवालात भेटलेल्या प्रत्येकाचे नाव लिहावे लागे. पळून गेलेल्याला भेटल्याचे उघड झाले, तर त्यांच्या मुलीचा, इरेनाचा, वैद्यकीय महाविद्यालयातला प्रवेश गेलाच समजायचा. यादी पुढच्याच आठवड्यात लागणार होती.

अहवालातून नाव गाळता आले असते. पण त्या संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर त्यांनी तीस वर्षांच्या सवयीने वही उघडली होती आणि तारीख, वेळ, पूर्ण नाव, बोलण्याचा सारांश असे सगळे सत्तेचाळिसाव्या पानावर नोंदवले होते. पान फाडावे, तर पानांना त्यांनी स्वतःच्या हाताने क्रमांक घातलेले. गहाळ पान भरल्या पानापेक्षा जास्त बोलते, हे त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवले होते.

समोर लुबोर हानाक संत्रे सोलत होता. एकेकाळचा विद्यार्थी, आता त्यांच्याच विभागात. प्रवासात दोघांना पाठवायचे ते एकमेकांवर लक्ष ठेवण्यासाठी, हे कोणी सांगत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होते. त्रिएस्तेत दालिबोर भेटला त्या वेळी तो समुद्र बघायला गेला होता. निदान तसे म्हणाला होता.

"सर, खा ना," त्याने एक फोड पुढे केली. "बारा किलो वाहून नेताय इरेनासाठी. एवढ्या संत्र्यांनी ती डॉक्टर व्हायच्या आधीच पेशंट होईल."

विखर हसले आणि फोड हातातच धरून बसले.

सरहद्दीवरच्या ब्रेत्स्लाव स्थानकात गाडी थांबली. डब्यात शिरलेला अधिकारी तरुण होता, दाढी करताना कापल्याची खूण गालावर. त्याने पारपत्रे पाहिली, बॅग उघडली, मग कोटाचे खिसे रिकामे करायला सांगितले. वही त्याच्या हातात गेली. तो उभ्यानेच पाने उलटू लागला. विखर मनात मोजत होते. एकोणतीस. तीस.

"आकडे कशाला घातलेत?"

"सवय आहे."

"म्हणजे एखादे फाडले तर कळते." तो पुढे उलटत गेला. छत्तीस. सदतीस.

"साहेब," हानाक जांभई देत म्हणाला, "ती वाचायला बसलात तर उभ्याउभ्या झोपाल. पाच वर्षं ऐकलंय मी यांना. वर्गात पहिला मीच घोरायचो."

अधिकाऱ्याच्या ओठांवर हसू उमटले. त्याने वही मिटून परत केली, हानाकने दिलेली दोन संत्री खिशात टाकली आणि पुढच्या डब्यात गेला.

गाडी हलली. खिडकीबाहेर नांगरलेली शेते मागे पडू लागली. उपकार मानावेत म्हणून विखर शब्द जुळवत होते.

"लुबोर, तू नसतास तर..."

"अहवाल आपण दोघं बसून लिहू, सर." हानाक हातरुमालाने बोटे एकेक करून पुसत होता. "मी लिहीन की सत्तेचाळिसाव्या पानाच्या दिवशी तुम्हाला सर्दी झाली होती, म्हणून व्याख्यान संपताच तुम्ही खोलीवर गेलात. चालेल ना?"

पानाचा आकडा विखरांनी कुणालाच सांगितलेला नव्हता.

हानाकच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरीखुरी. आणि म्हणूनच, ती किती दिवस टिकेल आणि तिच्या बदल्यात तो काय मागेल, हे त्यांना विचारता येईना.

"चालेल," ते म्हणाले.

हात नकळत खिशाकडे गेला. वही मांडीवर उघडली, पेनाचे टोपण निघाले. पान बावन्न. तारीख लिहून झाली, वेळही. मग आपण काय करतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आले, आणि हानाक पाहतो आहे हेही.